दोन करवती

२०१५ साली ऑस्ट्रेलियातील मेरीबरो या जुन्या सोनखाणींच्या परिसरात एका हौशी शोधकाला तांबूस, जडशीळ दगड सापडला. आत सोने असणार, या खात्रीने त्याने करवत चालवली, आम्ल वापरले, घण घातला, दगड फुटेना. काही वर्षांनी त्याने तो मेलबर्नच्या संग्रहालयात नेला. तेथील तज्ज्ञांनी हिऱ्याच्या करवतीने लहानसा काप काढला. आत सोने नव्हते; लोह होते आणि खनिजांचे सूक्ष्म गोल कण होते. १७ किलोंचा तो दगड म्हणजे सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वीचा उल्कापाषाण होता!

करवत दोघांनीही चालवली. एकाला दगडातून काही हवे होते. दुसऱ्याला दगडच जाणून घ्यायचा होता. आपल्या मुलांवर, शेजाऱ्यांवर आपण यांपैकी कोणती करवत चालवतो? हवे ते सोने आधी ठरवायचे आणि ते गवसले नाही की घाव घालायचे, हीच बहुधा आपली रीत.

तरी त्या शोधकाला दोष देण्याची घाई आपण करू नये. फुटला नाही म्हणून त्याने दगड फेकून दिला नाही. ‘हे आहे तरी काय?’ असे विचारायला तो गेला. एवढी नम्रता आपल्यापाशी आहे काय?