आपल्या बाजूचा अन्याय

मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये चहा येतो आणि चर्चा सुरू होते. फिल्मी पुरस्कार जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तर ती घंटा झाली तरी थांबत नाही. "अवॉर्ड विकला गेला," असे एक सर ठासून सांगतात. "परीक्षकांना अभिनय कळतच नाही," असे एक बाजी म्हणतात. ज्याचा आवडता नट जिंकलेला असतो, तो मात्र त्या दिवशी शांतपणे चहात बिस्किट बुडवत असतो. त्याला निवडीत काहीच खोट दिसत नाही. पुढच्या वर्षी त्याचा नट हरतो. मग कालचा गप्प माणूस बोलू लागतो आणि कालचा बोलणारा गप्प होतो.

हे पाहून मनात प्रश्न येतो. आपण भांडतो ते इन्साफसाठी, की आपल्या माणसासाठी?

2002 साली मी सातवीत होतो. 'लगान' ऑस्करच्या शेवटच्या पाच परभाषिक चित्रपटांत पोचला होता आणि आमच्या मोहल्ल्यातल्या पोराटोरांनाही तो जिंकणार याची खात्री होती. पुरस्कार बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड' या चित्रपटाला मिळाला. किती संतापलो होतो आम्ही! गोऱ्यांनी आपल्यावर अन्याय केला, यावर सगळ्यांचे एकमत झाले. तो दुसरा चित्रपट आमच्यापैकी एकानेही पाहिलेला नव्हता. पुढे बी.एड.ला असताना डॅनिस टॅनोविचचा तो चित्रपट मी पाहिला. बोस्नियाच्या युद्धातला एक खंदक, त्यात अडकलेले दोन शत्रुपक्षांचे सैनिक आणि पाठीखाली सुरुंग असल्यामुळे हलूही न शकणारा तिसरा माणूस. चित्रपट संपला तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. 'लगान' आजही मला प्रिय आहे. पण दुसऱ्या बाजूचे म्हणणे न ऐकता निकाल देणाऱ्याला आपण काय म्हणतो? त्या दिवशी मीच तसा न्यायाधीश झालो होतो.

कोणी म्हणेल, कला म्हणजे धान्य नव्हे की तराजूत टाकून मोजावे. खरे आहे. म्हणून पुरस्कारांतल्या अन्यायाचे दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. परीक्षकाची आवड चुकली, तर ती चूक आहे. निबंध तपासताना माझ्या हातूनही ती होते. पण निकालामागे पैसा, ओळख किंवा दबाव असेल, तर ती चूक नव्हे, चोरी आहे. ऋषी कपूर यांनी 2017 साली आलेल्या आपल्या आत्मचरित्रात कबूल केले की, 'बॉबी'साठीच्या अभिनय पुरस्काराकरिता आपण तीस हजार रुपये मोजले होते. 'बॉबी' 1973 चा. त्याच वर्षी अमिताभ बच्चन यांचा 'जंजीर'ही आला होता. कबुली यायला चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. उशिरा का होईना, ती आली. बहुतेकांची तर कधीच येत नाही.

अशा वेळी मला प्राण साहेबांची आठवण होते. 'पाकिजा' 1972 च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्याची गाणी ज्यांनी बांधली ते गुलाम मोहम्मद 1968 मध्येच वारले होते. आपले काम पडद्यावर आलेले त्यांना पाहता आले नाही. उरलेले पार्श्वसंगीत नौशाद साहेबांनी पूर्ण केले. 1973 च्या फिल्मफेअर पुरस्कारांत संगीताचा मान 'पाकिजा'ला मिळेल असे अनेकांना वाटत होते. तो मिळाला 'बेइमान'साठी शंकर-जयकिशन यांना. त्याच 'बेइमान'मधल्या भूमिकेसाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. त्यांनी तो नाकारला. गुलाम मोहम्मद यांना डावलले गेले, हे त्यांनी दिलेले कारण होते.

यात विचार करण्यासारखे खूप आहे. प्राण यांच्या स्वतःच्या अभिनयावर कोणी शंका घेतली नव्हती. शंकर-जयकिशन हे काही लहान नाव नव्हते. जयकिशनही 1971 मध्ये गेले होते. तेव्हा संगीताचा तो निकाल आवडीची चूक होता की आणखी काही, हे आज मी ठरवू शकत नाही. पण प्राण ज्या जागी उभे होते, ती जागा महत्त्वाची आहे. जिंकलेला चित्रपट त्यांचा होता. तक्रार केली ती स्वतःच्या पक्षाविरुद्ध, आणि ती ज्याच्यासाठी केली तो माणूस आभार मानायलाही हयात नव्हता. हरलेल्याची तक्रार खरी असली तरी लोक तिला जळफळाट म्हणून बाजूला सारतात. जिंकलेला माणूस बोलला की त्याला तसे टाळता येत नाही, कारण बोलून तो काही मिळवत नाही, उलट गमावतो.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय नाट्यस्पर्धेत माझ्या विद्यार्थ्यांची एकांकिका पहिली आली. आमच्या आधी दुसऱ्या एका शाळेची एकांकिका झाली होती. तिच्यातली लहानशी मुलगी बोलत असताना सभागृहात चिडीचूप शांतता पसरली होती. निकालानंतर एक परीक्षक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, तुमच्या शाळेचं नाव आम्ही लक्षात ठेवलं होतं बरं का." आमच्यातल्या कोणाशी त्यांची जुनी ओळख होती. मी हसलो, शुक्रिया म्हटले आणि ट्रॉफी घेतली.

परतताना टेम्पोत एका मुलाने विचारले, "सर, उनका ड्रामा हमसे अच्छा था ना?"

मी म्हणालो, "ट्रॉफी ठीक से पकड़ो."

ट्रॉफी आजही शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. त्या दिवशी मुलांना नाटक शिकवल्याचे समाधान मला होते. पण त्याच दिवशी मी त्यांना आणखी एक धडा दिला. माप आपल्याकडे झुकले असेल तर काट्याकडे पाहायचे नाही, हा तो धडा. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, तरी मुले तो पटकन शिकतात.

म्हणून स्टाफरूममध्ये पुरस्कारांचा वाद रंगला की हल्ली मी एकच विचारतो, "आपला माणूस हकदार नसताना जिंकला, असं एक तरी उदाहरण सांगा." थोडा वेळ सगळे गप्प होतात. त्या गप्प बसणाऱ्यांत मीही असतो.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे बाकी राहिले होते. हां बेटा, उनका ड्रामा अच्छा था.