अंश आणि अनुकल्प

शिंद्यांची पगडी मस्तकी मिरविणाऱ्या उज्जैनच्या काळभैरवास पुजारी मद्याचा अंश बशीत ओतून, बशी ओठांशी तिरपी धरून अर्पण करतो व बाटलीतील शेष भक्तास प्रसाद म्हणून देतो. तेव्हा अर्पण अंशाने पूर्ण होते काय, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. अंशाने काम भागवायचे तर बाकीची मांडणीही बदलावी लागते: घरी बिअर करणाऱ्याने माल्टचा अर्क निम्म्या पाण्यात उकळला तर दाट द्रवात हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो, म्हणून हॉप्स वाढवावे लागतात. तंत्रशास्त्रानेही मद्याचा अनुकल्प, म्हणजे पर्याय, म्हणून नारळाचे पाणी वा मध मान्य करताना पात्र नेमून दिले: पाण्यास कांस्य, मधास ताम्र. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनच्या नगरहद्दीत दारूविक्रीची मनाई अंमलात आल्यावर ज्याच्या हाती केवळ नारळ उरला, त्याचे अर्पण मी उणे मानीत नाही.