आधीची पायरी

जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलाला सुरुवातीला कोलांटउडी शिकवतात. गवतावर, गादीवर आपण सगळ्यांनीच ती मारलेली असते, त्यामुळे तिच्यात शिकायचं ते काय, असं वाटतं. जाणता प्रशिक्षक मात्र ती तुकड्यातुकड्याने शिकवतो. आधी पाठीवर पडून, गुडघे पोटाशी घेऊन नुसतं पुढेमागे झुलायचं. मग उकिडवं बसायचं, तळवे मॅटवर टेकायचे, हनुवटी छातीला लावायची आणि कंबर उचलायची. भार हातांवर घ्यायचा, टाळूवर येऊ द्यायचा नाही. एवढं करूनही जो अडतो, त्याच्यासाठी उतरती मॅट असते. उतारावर शरीर आपसूक गडगडतं, मूल हसत उठतं आणि पुन्हा रांगेत जाऊन उभं राहतं. काही दिवसांनी उतार कमी करतात, मग काढूनच टाकतात.

या उतरत्या मॅटविषयी मला फार आदर वाटतो. 'घाबरू नकोस' असं ती सांगत नाही. घाबरावं लागणार नाही एवढी पायरी ती लहान करून देते.

बॅलन्स बीमचंही तसंच. ही पट्टी 10 सेंटीमीटर रुंद असते आणि स्पर्धेत जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर असते. तेवढ्याच रुंदीचा पट्टा जमिनीवर आखला, तर कोणीही त्यावरून चालत जाईल. सव्वा मीटरवर त्याच माणसाचे पाय लटपटतात. चालणं तेच, रुंदी तीच, पाऊलही तेच. म्हणून शिकणारा आधी जमिनीवरच्या रेघेवर चालतो, मग जमिनीलगतच्या ठेंगण्या बीमवर, मग थोड्या उंचावर. एखाद्या पायरीवर पाय थरथरले, तर त्या मुलात काही कमी आहे असं कुणी मानत नाही. त्याला एक पायरी खाली आणतात, बस्स.

हातांवर उभं राहणं शिकवताना तर मला सगळ्यात शहाणपणाची वाटणारी गोष्ट घडते. तिथे आधी पडायला शिकवतात. उलटं झालेल्या माणसाला खरी धास्ती असते ती तोल पलीकडे जाऊन पाठीवर आदळण्याची. तोल जाऊ लागला की एक हात पुढे सरकवून अंग बाजूला वळवायचं आणि पाय एकेक करून खाली आणायचे, एवढं अंगवळणी पडलं की खांदे मोकळे होतात आणि बोटं जमीन दाबून तोल सांभाळू लागतात. सुटायची वाट माहीत झालेला माणूसच निवांत उलटा उभा राहू शकतो.

दीपा कर्माकरचं नाव इथे घ्यायलाच हवं. आगरतळ्याच्या या मुलीचे तळपाय सपाट होते. उडीनंतर जमिनीवर उतरण्याच्या दृष्टीने ही मोठी अडचण, आणि तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी त्यावर चिकाटीने मेहनत करून घेतली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने व्हॉल्टच्या अंतिम फेरीत 'प्रोदुनोवा' मारला आणि 15.066 गुणांसह चौथी आली. कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकलं. प्रोदुनोवा म्हणजे धावत येऊन व्हॉल्टवर हात टेकायचे आणि तिथून हवेत पुढच्या बाजूला सलग दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचं. चूक झाली तर मान किंवा पाठ जायबंदी होण्याची भीती, म्हणून मोजकेच खेळाडू त्याच्या वाटेला जातात. तरी नीट पाहिलं, तर हात टेकणं, अंग आवळून गोल करणं आणि गिरकी घेऊन पायांवर येणं हे सगळं पहिल्या दिवशीच्या कोलांटउडीत असतंच. मधल्या असंख्य पायऱ्या आपल्याला दिसत नाहीत, म्हणून आपण त्या सगळ्याला 'धाडस' असं एकच नाव देऊन मोकळे होतो.

आपल्या कित्येक शाळांत याच्या नेमकं उलट चालतं. पीटीचा तास, एखादी विरलेली मॅट, मुलांची लांबलचक रांग आणि शिक्षकांचा आवाज, 'चल, मार उडी!' ज्यांना जमते ते मारतात. एखादी मुलगी घाबरून रांगेतून मागे सरकते, बाकीचे हसतात आणि 'व्यायाम आपल्यासाठी नाही' हे ती त्या दिवशी मनाशी पक्कं करते. पुढे चाळिशीतही ती तेच म्हणते. मला याचा मनापासून राग येतो. दोष तिच्या भित्रेपणाचा नव्हता. तिच्यापुढे ठेवलेली पायरी उंच होती, आणि ती ठेवली होती मोठ्या माणसांनी.

अशा कुणाला आता शिकावंसं वाटत असेल, तर जरूर शिकावं. मान, मनगट किंवा पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, जाणता शिक्षक शोधावा, सुरुवातीला मनगटं आणि खांदे तयार करण्यात वेळ घालवावा. आणि तुमचं मूल एखाद्या वर्गात मागे सरकून उभं राहत असेल, तर त्याला रागावू नका. त्याच्या शिक्षकांना एवढंच विचारा, की याच्या आधीची पायरी तुम्ही त्याच्याकडून करून घेतली होती का?