बांधापलीकडे कुत्रे गेले

गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी आम्ही व कचेरीतील तिघे स्नेही बेंगळूरहून दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्याने फिरावयास गेलो होतो. बरोबर बागलकोटकडचे एक परिचित होते व त्यांची दोन मुधोळ कुत्री होती. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. तेथील राजे मालोजीराव यांनी या जातीची जोपासना केली. आपल्या मुलखात हिलाच कारवान म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, तेव्हा आमच्यासारख्या सरकारी नोकरास तिच्याविषयी आदर वाटणे क्रमप्राप्तच होते! हे कुत्रे वासावर नव्हे, नजरेवर धावते. ते कोठे जाईल हे सोडणाऱ्यास आधी सांगता येत नाही. पण समोर ससा उठला तर ते थांबणार नाही, एवढे त्यास पक्के ठाऊक असते.

कुत्री ‘पाय मोकळे करण्यासाठी’ सोडली आणि ससा उठला. पुढे एक शेत होते. नाचणीची कापणी झालेली, पण तिच्या ओळींमधला अवरे, म्हणजे आपला पावटा, शेंगांवर आलेला. कुत्री त्यातून वाऱ्यासारखी गेली. त्यांच्या पायांखाली फारसे मोडले नसावे. मोडले ते मागून धावणाऱ्या आमच्या बुटांखाली. बांधावर एक वृद्धा उभी होती. ती दोनदा म्हणाली, “नायि हिडकोळ्ळि.” बेंगळुरात सहा वर्षे काढलेल्या माणसास ‘कुत्रे धरा’ एवढे कन्नड कळते. तरीही न कळल्यासारखे हसून आम्ही पुढे गेलो. ससा तिच्याच शेतात मेला. परिचित म्हणाले, “कुत्र्याला बांध कळत नाही.” आम्ही मान डोलावली. मग कोणास तरी कायद्याची आठवण झाली, आणि ससा तेथेच टाकून आम्ही मोटारीत बसलो. वृद्धेच्या शब्दाने जे झाले नाही, ते दंडाच्या भीतीने झाले.

कायद्याचे सांगावयाचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात प्राणी मारणे तेवढी शिकार नव्हे. तसा प्रयत्न करणे व त्यासाठी प्राण्यास हाकणे हीही शिकारच. अतिक्रमणाचे मात्र निराळे आहे. १८६० च्या दंड संहितेत, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही, फौजदारी अतिक्रमणास हेतू लागतो: अपराध करण्याचा, किंवा ताबेदारास भीती घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा अथवा त्यास त्रास देण्याचा. आमचा हेतू काय होता? काहीच नव्हता, असे आम्ही शपथेवर सांगू शकलो असतो. आमच्या मते सारी अडचण येथेच आहे.

ज्या इंग्लंडात कुत्र्यांच्या शिकारीचे शास्त्र झाले, तेथील न्यायालयांस हा प्रश्न जुना आहे. १७८६ साली एका खटल्यात असे ठरले की, कोल्हा उपद्रवी प्राणी असल्याने त्याच्या मागे दुसऱ्याच्या जमिनीत शिरण्यास हरकत नाही. १८७८ साली दुसऱ्या न्यायालयाने हा आधार काढून घेतला: खेळासाठी शेतकऱ्याच्या मनाविरुद्ध त्याच्या शेतात जाण्याचा हक्क कोणास नाही. पुढे १९८५ साली एक्समूर येथील हरणांच्या शिकारीवरून वाद उभा राहिला. शिकारविरोधी संस्थेने विकत घेतलेल्या जमिनींत कुत्री शिरली होती. न्यायमूर्तींनी म्हटले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. जेथे कुत्री आवरणे अशक्य आहे हे ठाऊक असूनही जो ती सोडतो, तो ती पलीकडे जावीत असेच इच्छितो, असे अनुमान काढता येते. २००४ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये अशी शिकारच बंद झाली, तर नुसत्या पसरलेल्या वासामागे कुत्री धाववण्याची टूम निघाली. आणि वाटेत खरा कोल्हा भेटला, तर तो ‘योगायोग’. आमचे ‘पाय मोकळे करणे’ त्याच जातीचे होते.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पीक निघाल्यावर शिवार मोकळेच असते; कोणाची गुरे कोणाच्या रानात जात नाहीत? खरे आहे. धनगराची मेंढरे आणि त्याची कुत्रीही पराव्या शेतात उतरतात. पण धनगर आधी विचारतो. पुष्कळदा शेतकरीच खतासाठी मेंढ्या बसवून घेतो आणि त्याबद्दल धान्य देतो. आम्ही विचारले नव्हते. एवढेच नव्हे, ‘धरा’ म्हटलेले ऐकले नव्हते.

शाकुंतलातील दुष्यंताने मात्र ऐकले. हे हरिण आश्रमाचे आहे, असे तपस्व्याने सांगताच त्याने बाण उतरवला. पुढच्या अंकात सैनिकांनाही तपोवनापासून दूर राहावयास सांगितले. ही कथा आम्हांस सदैव प्रिय. पण आता एक शंका येते. तपस्व्यापाशी शापाचे सामर्थ्य होते. त्या जागी पावटा राखणारी म्हातारी असती तर? महाभारतात पांडवांचे शिकारी कुत्रे भटकत एकलव्यापाशी गेले, भुंकले, आणि तोंडात सात बाण घेऊन परत आले. त्याची परिणती अंगठ्यात झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. कुत्रे तेथे कोणी सोडले, हे कोणी विचारले नाही. अंगठा गेला तो ज्याच्या एकांतात कुत्रे शिरले त्याचा.

आमच्या कचेरीत ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘कळविण्यात येत आहे’ अशी वाक्ये आम्ही रोज लिहितो. त्यांत कर्ता नसतो, आणि ते कोणास खटकत नाही. कागद टेबलावरून सुटला की तो कोणाच्या बांधावर जाऊन काय मोडतो, हे आमच्या नोंदीत येत नाही. त्यामुळेच ‘कुत्रे गेले’ हे वाक्य आम्हांस इतके सहज पटले असावे. ‘आम्ही कुत्रे सोडले’ असे म्हणावयास त्या दिवशी आमच्यापैकी एकाचीही जीभ वळली नाही.

पंधरा दिवसांनी त्या परिचितांचा पुन्हा निरोप आला. आम्ही गेलो नाही. का गेलो नाही, हे मात्र त्यांस सांगितले नाही. कचेरीत काम आहे, असे कळविले.