बंद घराची किल्ली

नातू मोबाइलवर वाचून दाखवत होता. जपानात खेड्यापाड्यातली घरं ओस पडलीत. २०२३ च्या मोजणीत साऱ्या देशात ९० लाखांच्या आसपास रिकामी घरं निघाली, दर सात घरांत एक. नगरपालिकाच त्यांच्या याद्या लावतात, या आणि घ्या म्हणतात. सोबत शेत असलं तर मात्र तिथल्या शेती समितीची परवानगी लागते. "आबा, आपल्या गावासारखंच की," नातू म्हणाला. मी काही बोललो नाही. असं एक घर मी स्वतः घेतलंय, आणि त्याचा हिशेब अजून मनात मिटलेला नाही.

घर आमच्या शेजारचंच. दगडी भिंती, वर माळवद, आणि गावालगत तीन एकर रान. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला. किल्लारी-सास्तूरकडची माणसं झोपेत माळवदाच्या मातीखाली गेली. त्यानंतर आमच्याकडंही लोक माळवदाखाली निजेनात. शेजारचे दोघं भाऊ त्याच सुमारास पुण्याला गेले, ते गेलेच. म्हातारी होती तोवर दिवाळीला यायचे. ती गेली आन् दाराला कुलूप लागलं. माळवदाला दरसाल माणूस लागतो, गवत काढायला, माती चोपायला. माणूस नसला की घर गळतं, गळलं की लाकूड कुजतं.

भाऊ म्हणाले, "दादा, तूच घे." चालू भावापेक्षा कमी किमतीत ठरलं. त्यांना सुटायचं होतं, मला बांधाला बांध हवा होता. यात लबाडी नव्हती.

पण सातबाऱ्यावर तिसरं नाव होतं, बहिणीचं. आमची आक्का. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतका हिस्सा, हा कायदा २००५ सालीच झालेला. म्हणून खरेदीआधी तिचं हक्कसोडपत्र करून घेतलं. रजिस्ट्री ऑफिसात ती पदर सावरून बसली होती. "राजीखुशीनं सोडता ना?" साहेबानं विचारलं. "होय," म्हणाली आणि सही-अंगठा दिला. माहेर तुटू नये म्हणून बायका हिस्सा सोडतात, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. मी गप्प बसलो. बोललो असतो तर व्यवहार अडला असता.

पुढं पंचमीला आक्का एसटीनं आली. "दार उघडं दिसलं रे, म्हणून आले." आत जाऊन जात्यावर हात फिरवला. "जातं ठिवलंस व्हय?"

"ठिवलंय, आक्का."

"मग बरं." पाणी पिऊन गेली.

तिनं पैसे मागितले असते तर सोपं झालं असतं. मागणाऱ्याशी भांडता येतं.

लोक म्हणतात, तू घेतलं नसतंस तर दुसऱ्यानं घेतलं असतं. खरंय. पण दुसऱ्यानं केलं असतं, हे माझ्या वागण्याचं उत्तर होत नाही. मी स्वतःला विचारतो, घर स्वस्त का मिळालं? एक, ते पडीक होतं. दोन, एक माणूस गप्प होतं. पडीक घर मी कष्टानं उभं केलं, ते फिटलं. दुसरं कशानं फिटतं?

दर पंचमीला आक्काला साडीचोळी करतो. पण चोळी हा मान झाला, हिस्सा नव्हे. मान देऊन हिस्सा फिटला म्हणायचं, तर भावांनी केलं तेच मी करतोय. गेल्या साली पैशाची गोष्ट काढली. ती म्हणाली, "भावांना कळलं तर मला तोंड दाखवता यायचं नाही." विषय तिथंच संपला.

मला दोन लेकी, एक लेक. औंदा मृत्युपत्र केलं, तिघांना सारखं. पोरगा चार महिने झाले नीट बोलत नाही. आक्काचं देणं यानं फिटत नाही. पण माझं घर कधी बंद पडलंच, तर माझ्या लेकींच्या गप्प बसण्यावर ते कुणाला स्वस्तात मिळू नये, एवढ्यासाठी केलं.