चंदा, पावती आणि खुर्ची

निवडणूक जवळ आली की आमच्या धरणगावात उमेदवाराविषयी पहिला प्रश्न निघतो तो त्याच्या शिक्षणाचा नाही, कामाचा नाही. ‘किती लावणार?’ हा तो प्रश्न. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा होता, तेव्हाही चहाच्या टपरीवर हाच प्रश्न होता. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्याविषयी ‘माणूस चांगला आहे, पण...’ एवढे बोलून लोक पुढच्या नावाकडे वळतात. त्या ‘पण’मध्ये आमची लोकशाही अडकून पडली आहे. आम्ही शिक्षक मंडळी निवडणुकीच्या कामावर जाणारी; कुणाची बाजू घेण्याची आम्हांला मुभा नाही आणि हौसही नाही. परंतु पैशावरून माणूस जोखण्याची ही जी रीत पडली आहे, तिचा विचार करणे आम्हांला आमच्या कामाचाच भाग वाटतो.

ही रीत एकट्या खान्देशची नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार दर काही महिन्यांनी आपल्या निधीचा हिशेब निवडणूक आयोगाकडे देतात आणि वर्तमानपत्रे त्या आकड्यांवरून कोण पुढे, कोण मागे हे ठरवतात. मत पडण्याच्या कितीतरी आधी पैशाची मोजणी होते. पण हा अंदाज किती खरा? २०१५ साली जेब बुश यांच्या बाजूने पहिल्या सहा महिन्यांतच १० कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला; फेब्रुवारी २०१६ मध्ये ते शर्यतीतून बाहेर पडले. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या खिशातून जवळपास १०० कोटी डॉलर ओतले आणि प्राथमिक फेरीत त्यांच्या हाती लागला तो अमेरिकन सामोआ हा एक छोटा द्वीपसमूह. याउलट २००८ मध्ये बराक ओबामांना लाखो सामान्य लोकांनी थोडेथोडे पैसे पाठवले आणि त्याच लोकांनी पुढे त्यांच्यासाठी दारोदार फिरून मतेही मागितली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जमलेल्या रकमेचा आकडा उमेदवाराची लायकी सांगत नाही. फार तर कुणाला त्याच्याविषयी किती उत्सुकता आहे हे सांगतो. ही उत्सुकता एका माणसाची की लाखाची, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. म्हणून ‘किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कुणाकडून?’ आणि ‘कशासाठी?’ हे प्रश्न त्यापुढे विचारले पाहिजेत.

हे प्रश्न आपल्याला नवीन नाहीत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आला आहे. इब्नुल-लुतबिया नावाच्या माणसाला हजरत पैगंबरांनी (स.) जकात वसूल करण्यासाठी पाठवले होते. परत आल्यावर त्याने मालाचे दोन भाग केले. हा तुमचा, आणि हा मला भेट म्हणून मिळालेला, असे तो म्हणाला. तेव्हा पैगंबरांनी (स.) मिंबरवरून सर्वांसमक्ष विचारले, की हा माणूस आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट कुणी आणून दिली असती काय?

भेट आणि लाच यांतला फरक ओळखण्याची इतकी साधी आणि इतकी नेमकी कसोटी आमच्या पाहण्यात दुसरी नाही. वस्तू तीच, रक्कम तीच, देणाऱ्याचे हसूही तेच. फरक एवढाच, की देणगी माणसाला मिळाली की खुर्चीला? खुर्ची काढून घेतल्यावर जी देणगी आटते ती देणगी नव्हतीच. तो व्यवहार होता, फक्त त्याची बोली उघड झाली नव्हती.

आता कुणी म्हणेल, दान गुप्त असावे अशीच तर आपली शिकवण आहे. डाव्या हाताला कळू नये असे उजव्या हाताने द्यावे, हे लहानपणापासून ऐकत आलो. खरे आहे. पण ही गुप्तता कुणासाठी आहे ते पाहा. कुरआनने उघड दानालाही चांगलेच म्हटले आहे. लपवून देणे अधिक चांगले म्हटले, तिथे उल्लेख गरिबांचा आहे. घेणारा लाचार असतो, त्याची इज्जत झाकावी आणि देणाऱ्याच्या मनात दिखावा शिरू नये म्हणून पडदा. राजकीय देणगीत घेणारा लाचार नसतो. उद्या त्याच्या सहीने ठेका मिळणार असतो, रस्ता मंजूर होणार असतो, चौकशी थांबणार किंवा सुरू होणार असते. दुबळ्याची अब्रू राखणारा पडदा बलवानाच्या दारावर लावला की तोच पडदा चोरवाट होतो. गुप्त दान आणि गुप्त देणगी या दोन गोष्टींचे नाव सारखे असले तरी त्यांची नियत सारखी नाही.

आपल्या देशाने हा पडदा कायद्याने लावून पाहिला. जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना आली. १ हजारापासून १ कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून घ्यायचे, पक्षाला द्यायचे, पक्षाने १५ दिवसांत वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नसे. कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही जुनी अटही २०१७ मध्ये उठवली गेली होती. म्हणजे तोट्यातील कंपनीलाही दानशूर होण्याची सोय झाली. कोणी रोखा घेतला हे बँकेला ठाऊक होते. कोणी दिला हे घेणाऱ्याच्या कानात सांगायला देणारा मोकळा होता. अंधारात राहणारा एकच होता, तो म्हणजे मतदार.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. तोवर १६ हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते. मार्च २०२४ मध्ये एप्रिल २०१९ पासूनच्या खरेदीदारांची यादी जाहीर झाली, तेव्हा सर्वांत वर नाव निघाले ते लॉटरीचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीचे. रक्कम १,३६८ कोटी.

योजना गेली, पण सगळे पडदे गेले नाहीत. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख अशी खर्चाची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. २० हजार रुपयांपर्यंतची देणगी देणाऱ्याचे नाव पक्षाला जाहीर करावे लागत नाही. याच्याशेजारी आपल्या मशिदीतला चंदा ठेवून पाहा. रमजानमध्ये मदरशांचे सफीर दूरदूरच्या गावांहून येतात. ५० रुपये दिले तरी रसीद बुक उघडतात, नाव लिहितात, पावती फाडून हातात देतात. मुलांच्या रोटीसाठी मागणाऱ्याला पावती फाडावी लागते आणि राज्य चालवायला निघालेल्याला सूट मिळते, हा न्याय उलटा आहे.

नाव उघड करण्याविरुद्ध एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. छोटा दुकानदार हरलेल्या उमेदवाराला पैसे देऊन बसला आणि जिंकलेल्याला ते कळले, तर त्याने गावात राहायचे कसे? ही भीती खोटी नाही. लहान गावात ती अधिकच खरी आहे. म्हणून लहान रकमेचा देणारा झाकला जावा, हे आम्हांला मान्य आहे. त्याच्या हजार रुपयांनी कुणाची सही विकत घेता येत नाही. जसजशी रक्कम वाढते तसतसा खुर्चीवरचा तिचा भार वाढतो आणि तसतसा पडद्याचा हक्क कमी व्हायला हवा. मोठ्या रकमांचा एक एक देणारा जगाला दिसला पाहिजे, आणि लहान रकमांचा एकूण हिशेब तरी चोख हवा.

उमेदवाराने लोकांकडून पैसे मागूच नयेत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मग फक्त श्रीमंतच उभे राहतील. मागणे वाईट नाही. कुणापुढे हात पसरला यावर सारे अवलंबून आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून पैसा पैसा जमवला आणि त्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे १९८८ मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत कांशीराम यांनी मताबरोबर नोटही मागितली. ज्याने आपल्या मजुरीतला रुपया दिला तो उमेदवाराचा मिंधा राहत नाही. उलट उमेदवारच त्याचा देणेकरी होतो आणि हिशेब विचारायला तो हक्काने येतो.

आता थोडे आपल्या मोहल्ल्याकडे. निवडणुकीच्या तोंडावर कुणी कब्रस्तानच्या भिंतीसाठी रक्कम जाहीर करतो, कुणी मशिदीला पंखे देतो, कुणी मंडळाला शामियाना. आपण दुआ देतो आणि जमाअतची मते त्या शामियान्याखाली मोजून देतो. पैगंबरांची (स.) कसोटी इथेही लावली पाहिजे. आपल्याजवळ मते नसती तर हे पंखे आले असते काय? नसते, तर तो सदका नव्हे, आणि मशिदीच्या छताला टांगल्याने तो पाकही होत नाही. कब्रस्तानची भिंत नगरपरिषदेकडे हक्काने मागायची गोष्ट आहे. तिची भीक स्वीकारली की पुढची पाच वर्षे नळाचे पाणी, शाळेची खोली, गटार यांविषयी विचारायचे तोंड राहत नाही. रात्री दारावर येणाऱ्या पाकिटाचीही हीच गोष्ट. वर १ कोटीचा रोखा आणि खाली ५०० ची नोट, ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. वरचे टोक न्यायालयाने तोडले. खालचे तोडायला कुठलेही घटनापीठ येणार नाही.

मत ही अमानत आहे असे आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. अमानत विकता येत नाही, आणि ती ज्याच्या हाती सोपवायची त्याने ती कुणाकडे गहाण टाकलेली नाही ना, हेही आधी पाहावे लागते. तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर कुणी ‘किती लावणार?’ असे विचारले, तर त्याला एवढेच विचारावे: ‘कोणाचे लावणार, आणि तो ते परत कोणाकडून घेणार?’ उत्तर आपल्याच घरापर्यंत येऊन पोचते.