दिनविशेषाची कविता

आमच्या वसईच्या शाळेत जिन्यापाशी एक फळा आहे. त्यावर दिनविशेषाची कविता लिहिण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला पद्यही येत असणार, असा सर्वांचा समज. आणि तो खोडून काढण्याइतका मी विनयी नाही. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठीवर ओवी. 22 मार्चला जलदिनाचा अभंग. 1 मेला पोवाडा. 5 सप्टेंबरला गुरुजनांवर आर्या. मुले उतरवून घेतात, पाहुणे माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसला जातो.

तारीख पाहून केलेली कविता खरी असते काय? माझे एक कविमित्र म्हणतात, "दिवस ठरवून हुंदका येत नाही." बोलणे चटकदार आहे, पण मला ते पुरते पटत नाही. जात्यावर बसणारी बाई स्फूर्तीची वाट पाहत नसे. पहाटे दळण होते म्हणून ओवी होती. फादर स्टीफन्स यांचे 1616 साली छापलेले ख्रिस्तपुराण नवख्रिस्ती लोकांना ऐकायला पुराण हवे होते म्हणून ओव्यांत रचले गेले. मोरोपंतांनी शंभरावर रामायणे रचली. त्यांत ओठ न मिळवता म्हणता येणारे निरोष्ठ रामायणही आहे. इतके बंधन हौसेने पत्करणाऱ्याला ढोंगी कोण म्हणेल? नेमाने किंवा नियमाने आलेला शब्द तेवढ्यामुळे खोटा ठरत नाही.

मग खोटेपणा शिरतो कोठून? ते मला एका विद्यार्थिनीमुळे कळले.

काही वर्षांपूर्वी जलदिन जवळ आला असता नववीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिला स्वतः अभंग करायचा होता. तिच्या ओळीत 'बावखल' हा शब्द होता. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते आणि भोवतालच्या विहिरींना पुरते. समुद्र इतका जवळ असून विहिरी गोड राहिल्या, त्यात बावखलांचा मोठा वाटा आहे. पूर्वी त्यांवर रहाट चालत. केळी आणि पानवेली त्या पाण्यावर वाढल्या.

मी म्हणालो, "बाळ, हा शब्द अभंगात बसत नाही. 'सरोवर' घे." तिने निमूटपणे शब्द खोडला.

रात्री सवयीने मी बोटांवर अक्षरे मोजू लागलो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत, चौथा मोकळा. बा-व-ख-ल : चार. 'सरोवर'ही चारच. शब्द छंदात चपखल बसत होता. बसत नव्हता तो माझ्या मनात. त्याच आठवड्यात आमचे सामाईक बावखल बुजवून जागा विकण्याच्या कागदावर चुलत्यांबरोबर मीही सही केली होती. डोक्यावर कर्ज होते, हे खरे. पण कर्ज खरे असल्याने मुलीला सांगितलेले कारण खरे होत नाही.

छंद मोठा प्रामाणिक असतो. तो अक्षरे मोजतो, माणसाची सोय पाहत नाही. लबाडी करतो तो शब्द निवडणारा. दिनविशेषाचा धोका हाच, की त्या दिवशी सर्वांना रुचेल तेवढेच बोलण्याची मुभा मिळते. 'पाणी म्हणजे जीवन' असे लिहायला मला काहीच द्यावे लागत नव्हते. 'बावखल' लिहायला लागले असते.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून माझी मोजणी चुकल्याचे सांगितले. सहीचे सांगितले नाही. तिने आपला शब्द पुन्हा लिहिला. 22 मार्चला फळ्यावर तिचा अभंग आला. माझा खिशातच राहिला. पावसाळ्याआधी बावखलात भराव पडला. आज तेथे इमारत उभी आहे. पलीकडच्या विहिरीचे पाणी मचूळ लागते, असे शेजारी म्हणतात. ते मला उद्देशून म्हणत नाहीत. तरी मी ऐकतो.

फळा अजून माझ्याकडेच आहे. मात्र मुलाने आणलेला शब्द 'बसत नाही' असे म्हणण्याआधी मी आता बोटांवर मोजतो, आणि मोजून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसतो.